एका हजूरला एक गड्डा लसूण

"हिमरेखा दोन-चार-सात, डावीकडे वळा, दिशा तीन-दोन-शून्य. उंची साडेअकरा हजार सांभाळा. पुढचं विमान दिसलं की कळवा."

"हजूर, डावीकडे—"

"एक."

स्वयंपाकघराचं दार बंद होतं. आतून फोनवर फक्त तेवढाच शब्द आला आणि पाठोपाठ चहा फुंकून पिण्याचा आवाज. गच्चीवर दाराकडं पाठ करून बसलेल्या बिपनानं कानाचा फोन तसाच ठेवून दुसऱ्या हातानं टोपलीतला लसणाचा एक गड्डा उचलला आणि पायाशी ठेवला.

नियम शाक्यसरांचा. एका हजूरला एक गड्डा. सोलायचा, पाकळ्या वाटीत टाकायच्या, मग पुढचा धडा. पहिल्या आठवड्यात तिनं एवढा लसूण सोलला की सरांच्या बायकोनं तो चौकातल्या तीन घरी वाटला, आणि चौथ्या घरानं विचारलं, तुमच्याकडं लग्न आहे का कुणाचं?

रेडिओवरचं बोलणं सगळं इंग्रजीत चालायचं. हजूर तेवढा घरचा, नेपाळी. तो कुठल्याही भाषेच्या फटीतून बाहेर यायचा.

*

आईनं हाक मारली: हजूर? म्हणजे, काय गं?

थोरल्या माणसानं काही सांगितलं: हजूर. म्हणजे, होय.

आणि त्या थोरल्या माणसालाच उद्देशून: हजूरनं चहा घेतला का? म्हणजे, तुम्ही.

तीन माणसांची कामं एकटा करणारा शब्द. फरक काय तो भुवयांचा. भुवई वर गेली की प्रश्न, मान खाली गेली की होकार. डोंगरांतल्या जोमसोमला धावपट्टीच्या कुंपणाला लागून बिपनाच्या घरची भट्टी होती, म्हणजे दहा खाटांची खानावळ. तिथं तिची आई, तिची आमा, या एका शब्दावर साऱ्या जगातल्या पाहुण्यांना जेवू घालायची. पाहुणा बोटं नाचवून, चित्रं काढून काहीतरी मागायचा. आमा दर वाक्याला म्हणायची, हजूर, हजूर. मग आत जायची आणि सगळ्यांना पिठाचा घट्ट ढिंडो, डाळ आणि सुकवलेल्या पाल्याचं गुंद्रुक आणून वाढायची. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. भूक लागलेल्या माणसाला भुवया दिसतात.

रेडिओला भुवया नसतात.

*

पहिल्या वेळी काय झालं ते.

अकरा महिन्यांपूर्वी, हिमरेखा एअरच्या कचेरीत, काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन. समोर कागदावरचा नकाशा, नकाशावर कागदाचं विमान. ते विमान बिपनाचं. शेजारच्या खोलीतला परीक्षक टॉवर झाला होता. तो सूचना देणार, तिनं ती जशीच्या तशी परत म्हणायची, म्हणजे ऐकणाऱ्यानं काय ऐकलं ते सांगणाऱ्याला कळतं. टॉवरनं एका दमात दिशा, उंची, वेग, नवी वारंवारता असं सगळं सांगितलं. मधला भाग खरखरीत गेला. बिपनानं बटण दाबलं आणि विचारलं,

"हजूर?"

तिनं विचारलं होतं. टॉवरनं होकार ऐकला आणि तो पुढच्या विमानाकडं वळला. चाळीस सेकंदांनी कागदावरच्या दोन विमानांची कागदावर टक्कर झाली.

निकालाच्या कागदावर एकच ओळ होती: उमेदवाराने न समजता होकार दिला.

परीक्षक म्हणाले, "समजलं ना, कुठं चुकलं?"

बिपनाला सांगायचं होतं की मी होकार दिलाच नव्हता, मी प्रश्न विचारला होता, तुम्हीच उत्तर दिलं नाही. तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"हजूर."

*

ती नापास झाली. दुरुस्ती: ती एकदा नापास झाली. हिमरेखाचा नियम असा की रेडिओच्या परीक्षेला माणूस दोनदाच बसू शकतो. दुसऱ्यांदा नापास झालं की ते दार कायमचं बंद. दुसरी दारं होती, पण त्यांच्यापुढं तिच्याआधीच्या लायसन्सवाल्यांची रांग होती आणि रांगेतल्या काहींचे केस पिकायला लागले होते. बिपना एकोणतीसची. फिलिपिन्सहून वैमानिक होऊन आल्याला तीन वर्षं झालेली, आणि या तीन वर्षांत ती काठमांडूतल्या ठमेलच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बसून दुसऱ्यांची विमानाची तिकिटं काढत होती. हिमरेखाला या खेपेला दोन को-पायलट हवे होते.

म्हणून काठमांडूशेजारचं पाटण. म्हणून पूर्णरत्न शाक्य, वय अडुसष्ट, विमानतळांच्या वेगवेगळ्या टॉवरांत मिळून तीस वर्षं. माणूस खोचक. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समोर बसवून चार वाक्यं बोलायला लावली आणि घरच्या धाकट्या पोरीला हाक मारावी तसं म्हणाले, "नानी, तू ऐकत नाहीस. तू तोंड बघतेस."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे माझ्या तोंडावर उत्तर दिसतं का ते बघतेस. नकटीच्या लग्नाला जशी सतरा विघ्नं, तशी तुझ्या एका वाक्याला सतरा वेळा माझ्या चेहऱ्याची परवानगी. जा, बाहेर बस. दाराकडं पाठ कर."

तेव्हापासून मधे दार. ते आत चुलीशी, ती बाहेर गच्चीवर, दोघांच्या हातात फोन. समोर आग्नेयेला फुलचोकीचा डोंगर. मंसिर महिन्यातल्या थंडीच्या सकाळी दहापर्यंत तो धुक्यात नसायचाच. मग हळूहळू आधी माथा, मग खांदे, आणि मग तो सगळाच्या सगळा असा उभा राहायचा की इतका वेळ तो नव्हता यावर विश्वास बसू नये. नऊ हजार फुटांहून वर. त्याच्या अंगावरून दक्षिणेकडची विमानं दरीत उतरायची. धुक्यात असताना त्यांचा नुसता आवाज यायचा.

"काय दिसतंय?" सर अधूनमधून विचारायचे.

"काही नाही, सर. धुकं."

"डोंगर कुठं गेला?"

"तिथंच आहे."

"कशावरून?"

"काल होता."

"शाब्बास. त्याला तुझं हजूर ऐकू येत नाही, एवढं लक्षात ठेव. पुढं. हिमरेखा दोन-चार-सात..."

*

दुसऱ्या आठवड्यात दिवसाला चार गड्डे. तिसऱ्यात दोन.

एका सकाळी ती भांडलीच. "सर, मी अमेरिकन माणसाशी बोलताना हजूर म्हणत नाही. फिलिपिन्सला दोन वर्षं एकदाही म्हणाले नाही. इथंच का येतो?"

"तिथं तुझ्या बाच्या वयाचा माणूस इंग्रजीच्या आडून बोलत नव्हता म्हणून."

"मग काय, बाला पण 'पुन्हा सांगा' म्हणू?"

"बाला काय म्हणायचं ते बा बघेल. तो शब्द वाईट नाही, नानी. मी बायकोला चाळीस वर्षं हजूर म्हणतोय. तिनं काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, पण घर चाललंय."

आतून बायकोचा आवाज आला. काय म्हणाली ते दारामुळं कळलं नाही.

"हजूर," सर तिला म्हणाले.

"एक!" गच्चीवरून बिपना ओरडली.

दाराच्या फटीतून एक गड्डा आत ओढून घेतला गेला. त्या दिवशी दोघंही सोलत बसले, आपापल्या बाजूला.

थोड्या वेळानं फोनमध्ये सर बोलायला लागले. आवाज तोच, टॉवरचा, चढउतार नसलेला. तराईतल्या एका लहानशा विमानतळावर ते नवे होते, पंचवीस वर्षांचे. एक बडा कॅप्टन, ज्याला टॉवरमधले सगळे उभं राहून नमस्कार करायचे, रेडिओवर काहीतरी म्हणाला. सरांना अर्धंच ऐकू आलं.

"मी विचारलं, हजूर? त्याला वाटलं मी जा म्हणालो. तो निघाला. समोरून दुसरं विमान उतरत होतं."

बिपनाचा अंगठा पाकळीवर थांबला.

"मग?"

"मग काही नाही. उतरणाऱ्यानं बघितलं, वर उचललं. माणसं दोन्हींत मिळून सदतीस. कुणाला कळलंसुद्धा नाही. कॅप्टन खाली आला तेव्हा माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, चालायचंच, बाबू. आणि मी म्हणालो..."

खरखर. किंवा चूल.

"काय म्हणालात ते कळलं, सर," बिपना म्हणाली.

"कळलं नाही. तू ऐकलं नाहीस, अंदाज केलास. ऐकलं नाही की काय म्हणायचं?"

"पुन्हा सांगा."

"ते मी पुन्हा सांगणार नाही. पण विचारलंस ते बरोबर."

*

मुलाखत. मंगळवार, सकाळी साडेदहा.

टेबलापलीकडं दोघं. कॅप्टन खड्गध्वज बस्न्यात: पिकलेल्या मिशा, कपाळावर चढवलेला चष्मा, पर्वतांतल्या सगळ्या धावपट्ट्या हाताच्या रेषांसारख्या पाठ. आणि कचेरीच्या राजभंडारीबाई, समोर वही.

"को-पायलटच का व्हायचंय?"

"कॅप्टन व्हायला तिथूनच जावं लागतं, सर." (घराच्या कुंपणापलीकडून रोज सकाळी विमान निघायचं आणि मी कुंपणाअलीकडं भांडी घासत असायचे.)

"जोमसोमच्या ना तुम्ही? वारा कधी उठतो?"

"अकराच्या आधी, सर. पण घड्याळ बघून उठत नाही." (आमाच्या वाळत घातलेल्या चादरी बघून कळतं. हे सांगू का? नको.)

"कॅप्टन चुकला तर काय कराल?"

"बोलून दाखवेन, सर."

"आणि त्यानं ऐकलं नाही तर?"

"पुन्हा बोलेन."

कॅप्टन बस्न्यात हसले. "हे सगळेच म्हणतात. पुस्तकातलं पान चौऱ्याऐंशी."

(हजूर.)

आला होता. दातांपर्यंत आला होता. तिनं तो पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

राजभंडारीबाईंनी नाक किंचित उचललं, इकडं तिकडं पाहिलं, आणि पुन्हा वहीत घातलं.

*

काचेची खोली. तीच. हेडफोनसुद्धा बहुतेक तोच. डाव्या कानाची गादी उसवलेली.

नकाशा काठमांडूचा. तिचं कागदाचं विमान दक्षिणेकडून दरीकडं येत होतं. शेजारच्या खोलीत कॅप्टन बस्न्यात टॉवर झाले होते. राजभंडारीबाई तिसरा हेडफोन लावून दोघांचं ऐकत होत्या आणि खुणा करत होत्या. काच धुरकट रंगाची, पलीकडचं कुणी दिसत नव्हतं. बिपनाला एकदम बरं वाटलं. दार मधे असल्यासारखं.

"हिमरेखा दोन-चार-सात, साडेअकरा हजार सांभाळा, धावपट्टी शून्य-दोनसाठी सरळ या."

तिनं परत म्हटलं. बरोबर.

वारा. परत म्हटलं. बरोबर.

वेग कमी करा. परत म्हटलं. मधे खरखर घातली होती मुद्दाम; तिनं "पुन्हा सांगा" म्हटलं, त्यांनी सांगितलं, तिनं परत म्हटलं. सगळं पाण्यासारखं चाललं होतं. तिला वाटलं, झालं, आलंच हातात.

"हिमरेखा दोन-चार-सात, आठ हजार पाचशे फुटांवर उतरा."

नकाशावर विमान अजून डोंगररांगेच्या अलीकडं होतं.

आठ हजार पाचशे.

गेले सहा आठवडे रोज सकाळी तिच्यासमोर एक डोंगर नव्हता आणि मग असायचा. नऊ हजारांहून वर. तिनं नकाशावर बघितलं, तिथं तो नुसता एक त्रिकोण होता, त्याखाली बारीक आकडा.

तिला चुकीचं ऐकू आलं असेल.

"पुन्हा सांगा."

"आठ हजार पाचशेवर उतरा," आवाज म्हणाला. यावेळी त्याला कडा होत्या. पस्तीस वर्षं पर्वतांत उडणाऱ्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगायला लावलं की आवाजाला जशा कडा येतात, तशा.

हा सापळा असेल. सापळा असेल तर नाही म्हणायला हवं. किंवा तिला माहीत नसलेला काही नवा नियम आलेला असेल. सापळा नसेल आणि नियमही नसेल तर मग ती पिकल्या मिशांच्या माणसाला, त्याच्याच खोलीत, त्याच्याच कंपनीच्या बाईच्या कानात सांगणार होती की तुम्ही मला डोंगरात घालताय. आणि हे कागदाचं विमान होतं. कागदाच्या विमानात कुणी बसलेलं नसतं. एक शब्द म्हणायचा, आकडा परत म्हणायचा, खूण बरोबर पडते, माणूस पास होतो.

अंगठा बटणावर. अंगठ्याला लसणाचा वास.

"शक्य नाही," बिपना म्हणाली. "पुढं डोंगर आहे. हिमरेखा दोन-चार-सात साडेअकरा हजारच सांभाळते."

मग हेडफोनमध्ये, इंग्रजी टाकून, सरळ घरच्या भाषेत, एक शब्द:

"हजूर."

*

कुठला?

काय म्हणालीस, पुन्हा बोल बघू: तो?

होय, बरोबर आहे: तो?

का तो चौथा, जो त्या तिघांत मोजलाच नव्हता: ल, हजूर! म्हणजे, महाराणी, तुमचंच खरं, आम्ही आपले अडाणी?

आवाज सपाट होता. भुवई वर गेली होती का मान खाली, काचेपलीकडं कुणास ठाऊक. पहिल्या वेळी याच काचेपलीकडं कुणीतरी असाच तिचा हजूर ऐकला होता आणि अंदाज केला होता.

तिनं बटण दाबलं.

"पुन्हा सांगा."

*

कागद चाळल्याचा आवाज. खुर्ची सरकली. चष्म्याची काडी माइकला लागली असावी, टक् झालं.

"हिमरेखा दोन-चार-सात," आवाज म्हणाला. कडा गेल्या होत्या. "दुरुस्ती. साडेअकरा हजार सांभाळा."

"साडेअकरा हजार सांभाळते, हिमरेखा दोन-चार-सात."

*

कॅप्टन बस्न्यात बाहेर आले तेव्हा चष्मा नाकावर होता आणि हातात दोन कागद.

"बहिनी, ते तुला फसवायला घातलेलं नव्हतं," ते धाकट्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाले. "हा पोखऱ्याचा कागद. काठमांडूच्या कागदांत मिसळला होता. चष्मा डोक्यावर, आणि मी वाचत गेलो."

बिपनाला एकच शब्द सुचत होता आणि तो म्हणायचा नव्हता.

"तू काही बोलली नसतीस तर मलाही कळलं नसतं. राजभंडारीबाईंनाही नाही. त्यांनी बरोबरची खूण केली असती." ते कागदांकडं बघत राहिले. "तू पास झाली असतीस. मीही."

राजभंडारीबाई वहीत काहीतरी खोडत होत्या, किंवा खोडल्यासारखं करत होत्या.

"पण हा लसणाचा वास कुठून येतोय सकाळपासून?"

"माझ्या हातांना, सर."

"का?"

"अभ्यास केला."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. दार उघडून धरलं. ते बरं म्हणून धरलं की जा म्हणून, हे तिला कळलं नाही, आणि दाराला पुन्हा सांगा म्हणता येत नाही.

*

सहा दिवस.

"चूक पकडलेली माणसाला आवडत नाही, सर. दोनच जागा आहेत. ज्यानं त्यांची चूक बघितली नाही त्यालाच घेतील."

"घेतील," शाक्यसर म्हणाले. आता दार उघडं होतं, ते उंबऱ्यात बसून चहा पीत होते. "तसं असेल तर त्यांच्या विमानात बसू नकोस. मी तर तिकीट काढूनसुद्धा बसणार नाही."

"तुम्हाला काय, तुम्ही रिटायर झालात."

"म्हणून तर सांगतोय. नोकरीवर पोट असतं तोवर माणूस खरं हळू बोलतो."

फुलचोकी अजून धुक्यात होता. तिथंच.

सातव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून गेल्यावर, फोन वाजला.

"बिपना तुलाचन?"

"हजूर?"

"राजभंडारी बोलतेय, हिमरेखामधून. पुढच्या रविवारी सकाळी सहाला हँगरच्या मागच्या फाटकाशी यायचं. ओळखपत्रासाठी दोन फोटो, लायसन्सची मूळ प्रत, आणि युनिफॉर्मचं माप द्यायला वेळ ठेवून."

"हजूर, हजूर..."

बिपना थांबली. उंबऱ्यात कपही थांबला होता.

"रविवार," ती म्हणाली. "सकाळी सहा. हँगरचं मागचं फाटक. दोन फोटो, लायसन्सची मूळ प्रत. युनिफॉर्मचं माप."

"बरोबर," राजभंडारीबाई म्हणाल्या. मग जरा अडखळून, "कॅप्टनसाहेबांचा एक निरोप आहे. जसाच्या तसा सांगायला सांगितलाय. येताना लसूण आणू नये."

फोन ठेवला तेव्हा सर टोपलीत हात घालून बसले होते.

"तीन," ते म्हणाले.

"ते जमिनीवरचे होते, सर!"

"जमिनीवरचाच लसूण आहे."

तिनं तिन्ही गड्डे ओंजळीत घेतले, कठड्याला टेकली आणि खांद्यात फोन धरून सोलत सोलत घरी लावला. जोमसोमला वारा उठला होता. आधी नुसता तोच ऐकू आला, पत्र्यावर, चादरींवर, धावपट्टीवर, आणि त्याच्या पोटातून आमाचा आवाज:

"हजूर?"

"आमा, मी. मला घेतलं. हिमरेखानं. रविवारपासून."

वारा.

"हजूर, हजूर," आमा म्हणाली. खुशीत, घाईत, कुठल्याही पाहुण्याला म्हणते तसं.

एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं तिला. बिपनाला इथून तिच्या भुवया दिसत होत्या.

तिनं हातातली पाकळी वाटीत टाकली आणि फोन तोंडाशी नीट धरला.

"आमा," ती म्हणाली, "पुन्हा सांगते."